पाय कुठे होता

"इतकी नवी गाडी, मग विकताय कशाला?" गाडी बघायला आलेल्या बाईंनी शेवटी विचारलंच.

हा प्रश्न येणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाने उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्याने तोंड उघडायच्या आत वडीलच बोलून मोकळे झाले.

"गाडी उत्तम आहे हो. मीच कामातून गेलोय. पाय नको तिथे पडतो आता माझा."

असं बोलून ते हसले. हल्ली हे वाक्य ते कुणालाही ऐकवायचे, लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्यालासुद्धा. आणि हा माणूस नोकरीभर बस चालवत आला होता. डेपोत त्यांना उस्ताद म्हणत. पुढे ते नाव घरापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने ही पहिली स्वतःची गाडी घेतली. समोर धोका दिसला की ती आपणहून ब्रेक लावते, असं विकणाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

ब्रेक ती लावायची खरी, पण समोर चिटपाखरू नसतानाही. मोकळ्या रस्त्यावर करकचून थांबायची. एकदा तर मागचा ट्रक अंगावर यायचाच काय तो राहिला. उस्ताद सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या बाकावर याच गाडीचे आणखी मालक बसलेले असत. सगळ्यांचं रडगाणं एकच आणि सगळ्यांना मिळणारं उत्तरही एकच. तिथला माणूस गाडी मागच्या रस्त्याने फिरवून आणायचा, धुऊनपुसून चकाचक करून परत द्यायचा आणि म्हणायचा, "काका, दोष काही सापडत नाही. तुमचाच पाय पडला असेल. वयोमानाने होतं असं."

उस्ताद प्रत्येक वेळी भांडून आले. घरी येऊन पुन्हा भांडले. रोजच्या त्या कटकटीला कंटाळून एक दिवस मुलाने आईला विचारलं, "तू तर शेजारीच बसलेली असतेस. तूच सांग, ब्रेक कोण मारतं?"

"हेच मारतात," आई म्हणाली.

त्यावर उस्ताद भांडले नाहीत. किल्ली काढून त्यांनी मुलाच्या हातात दिली. कंपनीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण बायकोच्या शब्दापुढे काय बोलणार? तेव्हापासून ते एकटे रस्ता ओलांडेनासे झाले. बोलता बोलता थांबून विचारायचे, "हे मी मघाशीच सांगितलं का?" घरात वावरायचेसुद्धा दुसऱ्याच्या घरात आल्यासारखे, हात आखडून. गाडी खाली पार्किंगमध्ये धूळ खात पडली आणि वर उस्ताद. मुलाने ती विकायचं ठरवलं, तेव्हाही आई गप्पच राहिली.

आता बाईंचा नवरा बॉनेट उघडून आत डोकावत होता. बाईंनी आपल्या जुन्या गाडीतून बाळाची छोटी सीट आणली आणि मागे बसवून पाहिली. पट्टा खटकन बसला. "बसली की हो नीट!" त्या खुशीत म्हणाल्या. त्यांनी बाळाला उचलून सीटमध्ये ठेवलं आणि त्या उस्तादांच्या मुलाकडे वळल्या. "एक चक्कर मारून येऊ का?"

मुलाने किल्ली पुढे केली.

"थांबा," आई म्हणाली. "आधी बाळाला बाहेर काढा."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"या गाडीत दोष आहे. ती मनाला येईल तिथे थांबते."

"पण काकू, काका तर म्हणाले की..."

"ते मीच त्यांच्या डोक्यात भरवलंय." आता आई थांबणार नव्हती. "रस्त्याकडे बघितलं की मला धडकी भरते. म्हणून गाडीत बसले की मी खालीच बघते, यांच्या पायांकडे. गाडी थांबायची तेव्हा यांचा पाय ब्रेकवर नसायचा. एकदाही नव्हता."

बाईंनी बाळाला छातीशी धरलं. नवऱ्याने बॉनेट लावलं, सीट काढून घेतली. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणून ते दोघं निघून गेले.

"आई, मग माझ्याशी खोटं का बोललीस?" मुलाने विचारलं.

"काय करणार होते मी? कंपनी दोषच मानेना. आणि हे पेटलेले, दोष सिद्ध करायला रोज तीच गाडी काढून निघायचे. गाडी काही बंद होईना, म्हणून यांनाच खाली उतरवलं. जीव वाचला, यातच मी खूश होते. यांचं काय झालंय ते दिसायला लागलं, तेव्हा खरं सांगायची हिंमत होईना."

मुलाने किल्ली खिशात टाकली. खूप दमल्यासारखा दिसत होता तो. "उद्या आपण तिघं सर्व्हिस सेंटरला जाऊ," तो म्हणाला. "तू जे बघितलंस ते त्यांच्या तोंडावर सांग."

आता बाबा भडकणार, अशी त्याने मनाची तयारी केली होती. भडकायचा त्यांना हक्कही होता. पण उस्ताद गाडीला टेकून उभे होते आणि आपल्या उजव्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. उत्तराची धास्ती असल्यासारखं हळूच विचारलं, "आणि परवाचं दुधाचं पातेलं गं? तेही मी नाही ना जाळलं?"

आईने डोळे पुसले.

"ते तुम्हीच जाळलंत," ती म्हणाली. "पण ते तर लग्न झाल्यापासून जाळताय."