गुरुवारचा त्रिकोण

अंगणवाडीच्या हौसाबाई दवाखान्यातच वारल्या, ही बातमी सकाळी गावात आली आणि दुपारी पर्यवेक्षिका मॅडम त्यांच्या नवऱ्याच्या, केरबाच्या, दारात हजर झाल्या. हात जोडून झाल्यावर लगेच म्हणाल्या, "काका, बाईंची नियोजनाची वही द्या. गुरुवारी पोरांना त्रिकोण शिकवायचाय."

केरबानं वही आणून दिली. वर्षाचं नियोजन हौसाबाईंनी जूनमध्ये एका बैठकीत लिहून टाकलं होतं, फक्त तपासणीसाठी. मॅडमनी पानापानावर 'उत्कृष्ट' शेरा मारला होता.

"ह्यातलं काहीच ती शिकवत नव्हती," केरबा म्हणाला. "सकाळी पोरांची तोंडं बघून ठरवायची. महिनाभर गाढवाच्याच गोष्टी चालल्या होत्या. वीटभट्टीवरची चंदा कुणाशी बोलत नाही, पण आता गाढवाचं नाव काढलं की ओठ हलवते."

"गाढव?" मॅडमनी वही चाळली. "अभ्यासक्रमात गाढव नाही, काका."

"लिहिणाऱ्यांत असंल की, मॅडम."

मॅडम वही काखोटीला मारून तरातरा निघाल्या. गुरुवारी नव्या बाईंनी त्रिकोण शिकवला आणि त्यांनाही शेरा मिळाला.

चंदा अजून एक शब्दही बोललेली नाही.