पहिल्या मजल्यावरची लाईन

रहिमाने पिशवीतून हॉस्पिटलचा कागद काढून शलाकाच्या हातात दिला आणि ती खुर्चीच्या कडेवर बसली. तिचा नवरा महबूब ज्या दुकानात कामाला होता तिथे तो कागद द्यायचा होता, त्याच्या रजेसाठी. पण त्याआधी आपल्या नवऱ्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते तिला कळायला हवं होतं. डॉक्टर अरबीत काहीतरी बोलून निघून गेला होता आणि मल्याळी नर्सने नुसता खांद्यावर हात ठेवला होता. कुवेतच्या हवल्ली भागातल्या त्या इमारतीत डॉक्टरी इंग्रजी समजणारी बाई एकच, तिसऱ्या मजल्यावरची शलाका. ती घरबसल्या पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची; अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रेकॉर्ड करून पाठवलेले रिपोर्ट हेडफोन लावून ऐकायचे आणि टाईप करून पाठवायचे.

कागद वाचायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. असली वाक्यं ती दिवसातून दहादा टाईप करत असे. कॅन्सर यकृतात पसरला होता, मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की काही दिवसच उरले आहेत, जवळच्यांना बोलावून घ्यावं.

"काय हाय, वहिनी?" रहिमाने विचारलं. "फैसलला बोलवू काय? चिपळूणला त्याची परीक्षा चाललीय. शेवटचा पेपर पुढच्या गुरुवारी."

शलाका कागदावरून नजर काढेना.

तिचीही मुदत भरत आली होती. घरचं इंटरनेट साध्या फोनवरचं. फाइल अर्धी उतरली की तुटायचं. पुढच्या सोमवारपर्यंत वेगवान लाईन घ्या, नाहीतर काम दुसरीला देतो, असं पुण्याहून कळवलं होतं. टेलिफोन ऑफिसात तिने पाच खेपा घातल्या. एक्स्चेंजमध्ये जागा नाही, यादीत तुमचा नंबर एकशे चौदावा, एवढंच उत्तर मिळायचं. इमारतीत तशी लाईन एकच होती, पहिल्या मजल्यावर, महबूबच्या नावावर. चिपळूणला शिकणाऱ्या मुलाशी, फैसलशी, रोज बोलता यावं म्हणून त्याने ती घेतली होती. काउंटरवरच्या माणसाने शलाकाला नियम सांगितला होता. लाईनवाल्याने सही केली तर ती दुसऱ्याच्या नावावर होते. लाईनवाला वारला तर ती बंद होते आणि जागा यादीतल्या पहिल्याला जाते.

खरं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आत्ता सांगितलं तर ही बाई कोसळेल, मग कसली सही नि कसलं काय. उद्या सांगू, तिने ठरवलं. सही झाली की लगेच.

"घाबरण्यासारखं काही नाही, रहिमाभाभी," ती म्हणाली. "औषधं लागू पडतायत. होऊ दे त्याची परीक्षा."

रहिमाने ओढणी तोंडावर दाबली आणि ती रडू लागली. मग शलाकाचे दोन्ही हात तिने आपल्या डोळ्यांना लावले. रडणं ओसरल्यावर शलाकाने लाईनचा विषय काढला. तुम्ही दिवसभर हॉस्पिटलात, लाईन नुसती पडून आहे; माझ्या नावावर केलीत तर माझं काम होईल आणि फैसलशी बोलायला तुम्ही हवं तेव्हा वर या. रहिमाने अल्लाची शपथ घालून सांगितलं की एवढ्याशा गोष्टीसाठी विचारायचंसुद्धा नाही. फॉर्म शलाकाच्या ड्रॉवरमध्ये भरून तयार होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, शलाका फॉर्म घेऊन रहिमाबरोबर हॉस्पिटलात गेली. महबूब हळदीसारखा पिवळा पडला होता. बोटांतून पेन निसटत होतं, तरी त्याने एकेक अक्षर जपून सही केली. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय याचं त्याला बरं वाटत होतं. म्हणाला, तुम्ही रिपोर्ट वाचलात आणि जिवात जीव आला. बाहेर आल्यावर रहिमाला बाजूला घ्यायचं शलाकाने ठरवलं होतं. पण ऑफिस दुपारी बंद होणार होतं, पुढे गुरुवार-शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी. ती टॅक्सी करून तडक काउंटरवर गेली. संध्याकाळी तिला वाटलं, आता सांगितलं तर ती विचारणार, काल का नाही सांगितलंत? ती खाली गेलीच नाही.

शुक्रवारी पहाटे महबूब गेला. त्याच दिवशी अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर सुलैबिखातच्या कब्रस्तानात दफन झालं. शलाकाने डाळभाताचं पातेलं खाली नेऊन ठेवलं आणि बायकांच्या गर्दीतून मान खाली घालून परत आली.

सोमवारी लाईन सुरू झाली. फाइली न तुटता धडाधड उतरू लागल्या. संध्याकाळी पाचला बेल वाजली. दारात रहिमा उभी होती.

शनिवारी दुकानाचा मॅनेजर भेटायला आला होता, असं तिने सांगितलं. तो कागद त्याने तिला शेवटच्या ओळीपर्यंत हिंदीतून वाचून दाखवला होता. आवाज तिने जराही चढवला नाही. शलाका काही बोलायला गेली, पण रहिमा तिच्याकडे न बघता आत येऊन कॉम्प्युटरसमोर बसली होती. फैसल रोज या वेळी चिपळूणच्या सायबर कॅफेत येऊन चॅटवर बसायचा. बाप गेल्याचं त्याला परीक्षा संपेपर्यंत कळवायचं नव्हतं. गावालाही तिने तशी ताकीद दिली होती.

शलाकाने चॅट उघडून दिलं आणि पडद्यावर फैसलची ओळ उमटली. अब्बू कसे आहेत?

"मना टाईप करता येत नाय," रहिमा म्हणाली. "तुमीच लिवा. घाबरण्यासारखं काय नाय, औषधं लागू पडतायत. गुरुवारपर्यंत रोज लिवायचं. तुमाला जमतं."

शलाकाने कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं. लाईन चांगली होती. ओळ क्षणात चिपळूणला पोचली, आणि फैसलचा पुढचा प्रश्नही तितक्याच लवकर आला.