पुलावरचा पहारा

पुलावर आडवा दोर बांधून हवालदार बाळकू पोवार तीन दिवस पहारा देत होता. पलीकडे नेपाळात कॉलरा पसरल्यानं ये-जा बंद होती.

अलीकडच्या गावातली म्हातारी पहिल्या दिवसापासून दोराशी बसून होती. तिची लेक पलीकडे दिलेली, कॉलऱ्यानं अंथरुणाला खिळलेली.

"लेकीचं तोंड लांबूनच बघून येते, बाळा."

"मावशी, तुमच्याबरोबर रोग इकडं आला तर सगळं गाव जाईल."

तिला ते पटलं, म्हणून ती भांडली नाही.

तिसऱ्या दुपारी जावई आला, पण पुलावरून नव्हे, तिच्याच गावाकडून. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"सकाळीच गेली ती," तो म्हणाला. "आई, तुम्ही इथं कशाला बसलात? उसातनं यायचं. नदी गुडघाभर आहे, सगळे तिथूनच येतात-जातात. तुमच्या आळीतही दोघांना जुलाब लागलेत."

म्हातारीनं हवालदाराकडे पाहिलं. "मग मला एकटीलाच अडवलंस होय रे?"

तेवढ्यात वायरलेसवर साहेबांनी विचारलं, "कुणी पूल ओलांडला का?"

"एकही नाही, साहेब." खरं बोलतानाही बाळकूची मान खाली गेली.