एका अंगठ्यानं

"उठायचं नाही. डाव्या हाताला सलाइन लावलंय असं समज," नणंद म्हणाली आणि वहिनीला कामाच्या खोलीतल्या बाकावर आडवं केलं. उजव्या हातात मोबाइल दिला. "हं, आता उघड तुझं दुकान."

वहिनी केसांचे टोप करायची, औषधांनी केस गेलेल्या बायकांसाठी. एकेक केस जाळीत ओवायचा, गाठ मारायची. हात असा, की टोप कुठला नि खरे केस कुठले, ओळखून दाखवा. पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. वर्ष संपलं की खोली सोडायची आणि कुठल्यातरी सलूनमध्ये नोकरी धरायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. नणंद लोकांच्या वेबसाइट सुधारून देणारी. ती म्हणाली, खोली खुशाल सोड, पण आधी मला एक दुपार दे.

मोबाइलवर नुसता पांढरा पडदा. मधे एक चक्र गरगरत बसलेलं. बऱ्याच वेळानं वरून एका सुंदरीचं कपाळ खाली उतरायला लागलं.

"वन्सं, एवढ्यात माणूस झोपी जाईल हो."

"जातंच. पुढं?"

अक्षरं मुंगीएवढी. मोठी करायला वहिनीनं डावा हात उचलला, तर नणंदेनं तो खाली दाबला. नंबर सापडला, पण तो फोटोतच छापलेला. कितीही दाबा, फोन लागेना.

"कुणी केलंय हे?" वहिनी वैतागली.

"तूच करून घेतलंस. मोठ्या कॉम्प्युटरवर बघून हरखली होतीस. बरं, हे दुकान तुला ठाऊकच नाही. शोधायला काय लिहिशील?"

"उत्तम दर्जाचे नैसर्गिक केशटोप." पानावर तेच तर ठळक लिहिलं होतं.

नणंद हसली नाही. "मागच्या वर्षी सलाइन लावून मी अशीच पडले होते ना, टोप शोधलाच नव्हता मी. मी लिहिलं होतं, केस परत येतात का."

वहिनीला ते दिवस आठवले. हिच्या डोक्याला टेप लावून माप घेताना आपण जगभरच्या गप्पा मारल्या, तेवढं एक सोडून. तिला फार वाईट वाटलं.

"मला का नाही विचारलंत?"

"तू नाही म्हणालीस तर? मोबाइल निदान बंद तरी करता येतो."

वहिनीच्या पोटातलं ओठांवर आलंच. "पण केस येतात असं आपणच सांगितलं, तर टोप घेईल कोण?"

"केस येतात हे मला कळलं होतं. तरी वर्षभर तुझाच टोप घातला ना मी?"

वहिनी उठली नाही. डावा हात सरळ ठेवून, उजव्या अंगठ्यानं चुकतमाकत तिनं लिहिलं : बहुतेकींचे केस परत येतात. माझ्या नणंदेचे आले. तोवर आम्ही आहोत.

नणंदेनं सुंदरीला रजा दिली, अक्षरं वाढवली, दाबला की लागेल असा नंबर टाकला आणि ती ओळ सगळ्यात वर ठेवली.

पुढं कित्येक आठवडे सामसूम. शेवटी वहिनीनं खोकी आणून सामान भरायला घेतलं, नणंदही मदतीला आली. तेवढ्यात फोन वाजला.

"टोपाचं नंतर बोलू," पलीकडची बाई हळू आवाजात म्हणाली. "आधी सांगा, तुमच्या नणंदेचे केस पहिल्यासारखे आले का हो?"

वहिनीनं समोर पाहिलं. जन्मभर सरळसोट केसांची नणंद खोक्यावर बसून कपाळावरची कुरळी बट फुंकरीनं उडवत होती.

"पहिल्यासारखे कुठले," वहिनी म्हणाली. "चांगले कुरळे आलेत. आता आरशापुढून हलत नाहीत बाईसाहेब."

पलीकडून एक बारीकसं, थकलेलं हसू ऐकू आलं.

"माप द्यायला कधी येऊ?"

"उद्याच या," म्हणत वहिनीनं मोबाइल कानाखांद्यात धरला आणि बांधलेलं खोकं सोडून ती टेप शोधायला लागली.