खंडेनवमीचा मान

हत्यार म्हणजे कारागिराचं चारित्र्य, असं रत्नाकररावांनी खंडेनवमीच्या सभेत सांगितलं आणि जबलपूरच्या आमच्या अख्ख्या मंडळाने माना डोलावल्या. फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांचा वाइस, म्हणजे काम करताना लोखंड जबड्यांत घट्ट धरणारा शिकंजा, पूजेच्या टेबलावर जावयासारखा बसला होता. हिरवा रंग शाबूत, जबड्यांवर ओरखडासुद्धा नाही. 'सर्वोत्तम जपलेलं हत्यार' म्हणून शील्ड त्यालाच द्यायची, हे परीक्षकांनी चहाच्या आधीच ठरवलं होतं.

त्यांचे शेजारी लहानूभाऊही आपला वाइस उचलून घेऊन आले. दांडा वाकलेला, जबडे झिजलेले.

"हे भंगार काहून आणलं, लहानूभाऊ?" रत्नाकरराव म्हणाले.

"रोज काम करून राहिला जी तो. हळदीकुंकवापुरता तरी टेबलावर ठेवू द्या."

"अरे भैया, पूजेला काही शोभा असते की नाही? तिकडे चपलांजवळ ठेवा."

लहानूभाऊंनी वाइस चपलांजवळ ठेवला. टाळ्यांच्या गजरात रत्नाकररावांना शील्ड मिळाली.

 

शील्डला भिंतीवर टांगायची कडी नव्हती. सळई वाकवून ती करायला रत्नाकररावांनी नेहमीप्रमाणे लहानूभाऊंचा वाइस मागून नेला.