चारी निपलं

किशनराव स्टूल ओढून जीपच्या चाकाला खेटून बसले. आज बन्सीधरचे हात नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, असं ठरवूनच ते पालमच्या गॅरेजवर आले होते.

महिन्यातली ही तिसरी खेप. बन्सीधर ग्रीस भरल्याचं सांगायचा आणि आठवड्यात जीप पुन्हा किंचाळायची. कॅनॉलच्या वळणावर आली की गावाला कळायचं, किशनराव आले. कमलबाईंची मात्र तक्रार नव्हती. म्हातारी गाडी, बोलू द्या की तिला, एवढंच त्या म्हणायच्या. आज निघतानाही त्यांनी फक्त कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी सांगितली. तीही महिन्यातली तिसरीच. किशनरावांनी येता येता ती घेऊन खिशात टाकली होती.

"ग्रीस भरतूस का नुसतं फडकं मारतूस?"

"तुमीच बघा की मालक."

बन्सीधरनं पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पिनेला ग्रीसगन लावली. पिनेच्या टोकाला बोराच्या बीएवढं निपल असतं, त्यातून ग्रीस आत जातं. ते कडेनंच बाहेर आलं. चारी निपलांची तीच गत.

"चिखलानं एखादं चोंदतं," तो म्हणाला. "चारी एकदम न्हाई. कुणीतरी मुद्दाम बुजवायलाय."

मग तूच बुजवत असशील, गिऱ्हाईक परत यावं म्हणून, असं किशनरावांनी तोंडावर सुनावलं. घरात दुसरं होतं कोण? ते आणि कमलबाई. एकुलती निकिता पाच वर्षांमागं आपल्या मनानं लग्न करून परभणीला गेली, तेव्हा त्यांनी भावकीत शब्द दिला होता : ती उंबऱ्याच्या आत आली, तर मी बाहेर. तेव्हापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

बन्सीधरनं निपलं काढली आणि एकेक दिव्याच्या ज्योतीवर धरलं. जळक्या ग्रीसचा वास यायला हवा होता. आला तो देवघरासारखा. आतून लालसर थेंब ओघळला.

"गंज दिसतोय," तो म्हणाला आणि बोट लावलं. बोट चिकटलं.

किशनरावांचा हात खिशातल्या डबीवर गेला. बन्सीधरनं निपलं साफ करून बसवली आणि ग्रीस भरलं.

परतताना जीप लोण्यावरून चालावी तशी चालली. वळणावर हूं की चूं नाही. आपण येतोय हे बायकोला आधी कळायला का हवं? हा एकच किडा डोक्यात वळवळत होता. चढावर, घराच्या जरा अलीकडंच, त्यांनी इंजिन बंद केलं आणि दबक्या पावलानं दारापाशी गेले.

दारात परक्या चपला होत्या. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. मग शेजारचे सँडल दिसले. लाल, तळहातावर मावतील एवढे.

"आजी, आबाची गाडी वरडली की आमी मागच्या दारानं पळायचं ना?"

"हो गं माय. अजून लय येळ हाय. जेव तू."

किशनराव बराच वेळ त्या सँडलांकडं बघत राहिले. मग आले तसेच मागं फिरले आणि ब्रेक सोडून जीप उतारानं आवाज न करता खाली जाऊ दिली.

बन्सीधर साबणानं हात धूत होता. जीप बघून त्याचं तोंड उतरलं.

"परत वाजायली का, मालक?"

"न्हाई," किशनराव म्हणाले आणि खिशातली मेणाची डबी त्याच्या ओल्या हातावर ठेवली. "आतलं सगळं ग्रीस डिझेलनं धुऊन काढ अन् चारी निपलं बुजव. घरी जाईस्तोवर वाजली पायजे."