बहुश्रुत

घरमालक काकांना कुठल्याही विषयावर बोलतं करा. घड्याळ दुरुस्त करता करता ते ग्रहणावर बोलू लागतात आणि गाडी थेट मुंग्यांच्या वारुळात शिरते. नवऱ्याला पत्ता न कळवता मी घर सोडलं, तेव्हापासून त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. त्याने माझं मनगट मोडलं होतं, हे फक्त ताईला माहीत आहे. तिच्याशी फोनवर बोलते तेही दाराला कडी लावून, कुजबुजत.

आज चहा पिताना काकांनी हाडांचा विषय काढला. एकदा मोडलेलं मनगट थंडीत का ठणकतं, ते अगदी छान समजावून सांगितलं. मी बाही खाली ओढली आणि घाईघाईने म्हणाले, "काका, केवढे विद्वान आहात हो तुम्ही!"

"छे गं, विद्वान कसला! मी आपला बहुश्रुत. शब्द फोडून बघ की. बहु म्हणजे पुष्कळ, श्रुत म्हणजे ऐकलेलं."

ते हसत उठले आणि आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर त्यांनी बोटाने टकटक केलं.



"फोनवर जरा मोठ्याने बोलत जा. काल शेवटचं काही नीट ऐकू आलं नाही."